आर्नो लेश्केने धुतलेली भिंत

रंगाऱ्याच्या धंद्यात एक नियम आहे आणि आर्नो लेश्केला तो चौदाव्या वर्षापासून पाठ होता. सरसात कालवलेल्या, पाण्याने सुटणाऱ्या जुन्या रंगावर नवा रंग चढवायचा नाही. आधी भिंत भिजवायची, खालून वर, म्हणजे ओघळ उठत नाहीत. रंग फुगला की ब्रशने घासून काढायचा. मग वरून खाली दोन वेळा स्वच्छ पाण्याने धुवायची आणि तळहात फिरवून बघायचा. हाताला पांढरं लागलं तर पुन्हा धुवायची. इथे आळस केला की वर्ष-दोन वर्षांत पोपडे सुटतात आणि काम कुणाचं होतं ते गावभर होतं.

जर्मनीच्या पूर्व टोकाला, नाइसे नदीच्या काठी, सायफर्सबाख नावाच्या विणकरांच्या गावात, आर्नोने एकावन्न वर्षं भिंती रंगवल्या. शाळा, दवाखाना, दोन चर्च, स्टेशन, कापडगिरणीच्या सगळ्या इमारती. त्याच्या हातचा पोपडा सुटलेला कुणी पाहिला नव्हता. पासष्टाव्या वर्षी त्याने ब्रश धुऊन तळघरात टांगले. त्यानंतर तो बागेत बटाटे लावायचा आणि बायकोची बोलणी खायचा.

२०१५ च्या एप्रिलमध्ये सिनेमावाले आले. आर्नो तेव्हा पंचाऐंशीचा होता.

दिग्दर्शकाचं नाव राउटेनबर्ग. चाळिशीचा, उंच, बर्लिनचा, स्वयंपाकघरात आल्याबरोबर बूट काढणारा. त्याने टेबलावर जुन्या वर्तमानपत्रातल्या एका बातमीची प्रत ठेवली. नोव्हेंबर १९९०. मथळा होता, ‘रंगाऱ्याने चित्र वाचवले’.

“हेर लेश्के, आम्ही या गावात आलो ते तुमच्यामुळे,” तो म्हणाला.

“याच्यामुळे?” आर्नोची बायको ट्राउडल चुलीपाशी होती. “याच्यामुळे घरात पावसुद्धा वेळेवर येत नाही.”

सिनेमा एका चित्रकाराचा होता. हिटलरच्या माणसांनी ज्याची चित्रं पुसली आणि नंतर पूर्व जर्मनीतल्या कामगारांच्या राज्यानेही पुसली, अशा माणसाचा. नाव बदललेलं होतं, पण माणूस एवाल्ड टानर्टच होता. टानर्ट याच गावचा. त्याने १९४९ साली गिरणीच्या जेवणघरात मोठं भित्तिचित्र काढलं होतं, अकरा विणकर बायका कामाची पाळी संपल्यावर एका टेबलाशी बसून सूप पितायत, असं. दोन वर्षांत वरून हुकूम आला की भिंत पांढरी करा. एकवीस वर्षांच्या आर्नोने ती पांढरी केली. बातमीप्रमाणे, त्याने मुद्दाम वर कच्चा, सरसाचा रंग लावला होता. पुढे कधीतरी तो उतरवता यावा आणि खालचं चित्र जसंच्या तसं निघावं, म्हणून.

“शेवटचा प्रसंग आम्ही खऱ्या भिंतीवर घेणार,” राउटेनबर्ग म्हणाला. “नटबिट कुणी नाही. सप्टेंबरात भिंत कॅमेऱ्यासमोर उघडायची. जीर्णोद्धार खात्याची परवानगी आलीय. आणि टानर्टची मुलगी हानोव्हरहून येणार आहे. चित्रात डावीकडून तिसरी बाई तिची आई आहे ना?”

“तिसरी,” आर्नो म्हणाला.

“त्यांच्याकडे आईचा एकही फोटो नाही. तुम्हाला कल्पना आहे, या बाईसाठी हे काय आहे?”

आर्नोला कल्पना होती. त्याला आणखी एक गोष्ट माहीत होती. त्या भिंतीत काही नव्हतं. वरचा रंग लावण्याआधी त्याने ती धुतली होती.

हे त्याने त्या दिवशी सांगितलं नाही. राउटेनबर्गने बूट घातले, हात मिळवला आणि तो गेला.

*

आर्नोचा बाप ब्रूनो हाही रंगारीच, पण वेगळ्या जातीचा. कामापेक्षा काम संपण्याची घाई त्याला जास्त. १९३४ साली नव्या सरकारने त्याला कामगारभवनात पाठवलं. तिथे टानर्टचं आधीचं एक चित्र होतं, चुना आणि दुधाचा चक्का कालवून केलेल्या रंगातलं, दगडासारखं पक्कं. ब्रूनोने भिंतीवरची काजळी आणि तेलकटपणा धुतला नाही. त्याने तसाच वरून चुन्याचा एक हात मारला आणि चारच्या आत तो बिअर प्यायला बसला.

महायुद्ध संपायच्या आधीच चुना सुटायला लागला. पहिल्यांदा एक कान दिसला, मग टोपी, मग अर्धा चेहरा. १९४५ च्या उन्हाळ्यात निम्मं चित्र बाहेर आलं होतं. नवे लोक सत्तेवर आले आणि त्यांनी ब्रूनो लेश्केला भर सभेत उभं करून टाळ्या वाजवल्या. या साध्या रंगाऱ्याने मुद्दाम कच्चं काम करून चित्र वाचवलं, असं भाषणात आलं.

“मला घाई होती,” ब्रूनो घरी म्हणाला. “पण ते टाळ्या वाजवत होते, मध्ये कशाला बोला.”

कामगारभवन पुढे १९६८ मध्ये रस्त्यासाठी पाडलं. पण धंद्यातले लोक टाळ्या वाजवणारे नव्हते. पंचेचाळीस साली आर्नो बोमिख मालकांकडे शिकाऊ होता. शिडीवर चढला की खालून कुणीतरी म्हणायचं, “जरा जपून रे, पोपड्याचा पोरगा आहे, भिंत अंगावर यायची.” पक्का कारागीर होण्याच्या परीक्षेत त्याने छत धुतलं तेव्हा परीक्षकाने विचारलं, “बापाने शिकवलं का हे?” आणि तिघंही परीक्षक हसले. त्यानंतर आर्नोने एकही भिंत न धुता रंगवली नाही.

१९४९ मध्ये टानर्ट गिरणीच्या जेवणघरात चित्र काढायला आला तेव्हा मदतीला आर्नोला दिलं होतं. टानर्टला पक्का रंग हवा होता, पण पक्क्या रंगाला चक्का लागतो आणि त्या वर्षी चक्का माणसांच्या ताटात पडत नव्हता. “भिंतीने खाल्ला तर लोक मला खातील,” टानर्ट म्हणाला. मग हाडांचा सरस आणला. रोज सकाळी पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून तो मंद आचेवर विरघळवणं हे आर्नोचं काम. पूर्ण चित्र सरसात झालं. टानर्ट म्हणाला होता, पुढल्या वर्षी चक्का मिळाला की वरून पक्कं करू. पुढल्या वर्षीच्या हिवाळ्यात त्याची बायको क्षयाने गेली आणि ते राहून गेलं.

ती बायको, हेडविग. चित्रात तिसरी. ती चार दिवस समोर बसली होती, एवढं आर्नोला माहीत होतं. त्याचं लक्ष सरसावर होतं. सरस उकळला तर वाया जातो.

ऑक्टोबर १९५१ मध्ये जिल्ह्याहून तीन माणसं आली. त्यांनी चित्र पाहिलं. एकजण म्हणाला, “आपल्या कामगार भगिनी इतक्या थकलेल्या नसतात.” शनिवारी हुकूम झाला. मंगळवारी पाहुणे येणार होते, त्याआधी भिंत पांढरी हवी.

“एक हात मार आणि घरी जा,” बोमिख मालक म्हणाले. “जास्त शहाणपणा नको.”

आर्नो एकटाच होता. रविवार, गिरणी बंद. त्याने खुर्च्या हलवल्या, फरशीवर गोणपाट टाकलं, भांडी घासायच्या खोलीतून कोमट पाणी आणलं. हा रंग सरसाचा आहे हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि सरसावर सरस चढवला तर पोपडे सुटणार, हेही. पोपडे सुटले की लोक म्हणणार, गेला बापाच्या वळणावर. त्याने ब्रश बुडवला आणि खालून वर भिंत भिजवायला सुरुवात केली.

पाच तास लागले. चौदा बादल्या. पहिल्या बादल्या तपकिरी झाल्या, मग राखाडी. पाणी त्याने मागल्या अंगणात गटारात ओतलं. शेवटी तळहात फिरवला. हाताला काही लागलं नाही. मग त्याने पांढऱ्याचे दोन हात दिले. सोमवारी ते वाळलं होतं.

सोमवारी दुपारी टानर्ट आला. दारात थोडा वेळ थांबला, मग भिंतीजवळ जाऊन त्याने खालच्या कोपऱ्यात नखाने पांढरा रंग खरवडला. खाली काय आहे ते बघितलं.

“धुतलीस?”

“हो, हेर टानर्ट.”

टानर्टने नख कोटाला पुसलं आणि तो गेला. १९५३ च्या वसंतात सात वर्षांच्या मुलीला घेऊन तो बर्लिनमार्गे पश्चिमेला निघून गेला. हानोव्हरमध्ये एका मोठ्या दुकानाच्या पाट्या रंगवायचा, असं नंतर कळलं. १९७१ साली तो वारला.

१९९० साली राज्य बदललं आणि वर्तमानपत्राचा एक तरुण बातमीदार जुन्या गोष्टी शोधत गुत्त्यात आला. कुणीतरी त्याला ब्रूनोची गोष्ट सांगितली आणि वर म्हटलं की पोरानेही तेच केलं असणार, रक्तातच आहे त्यांच्या. बातमीदार आर्नोकडे आला.

“कुठला रंग लावला होता तुम्ही वरून?”

“सरसाचा,” आर्नो म्हणाला. हे खरं होतं.

“म्हणजे धुऊन निघणारा?”

“सरस धुऊन निघतोच.” हेही खरं होतं.

बाकीचं बातमीदाराने लिहिलं. टानर्ट नेहमी पक्क्या रंगात काम करायचा, त्यामुळे खालचं चित्र शाबूत असणार, असं त्याने कुठल्याशा पुस्तकातून घातलं. आर्नोने बातमी वाचली. दुसऱ्या दिवशी पाववाल्या बाईने त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत. सात-आठ महिने लोक रस्त्यात थांबून हात मिळवत होते. त्यानंतर ते सवयीचं झालं.

*

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाजारचौकात स्वस्तिकाचे झेंडे लागले. ट्राउडल खिडकीतून बघत होती.

“इस्त्री नाही केलेली,” ती म्हणाली. “तेव्हा हे खपलं नसतं. माझ्या आईला शेजारणीने झेंड्याच्या सुरकुतीवरून नावं ठेवली होती.”

गावातल्या दीडशे माणसांना गर्दीत काम मिळालं होतं. हेम्पेल बेकरीवाला नाझींच्या तपकिरी गणवेशात सॉसेजच्या रांगेत उभा होता.

“हेम्पेल, भाड्याचा की आजोबांचा?” कुणीतरी ओरडलं.

“भाड्याचाच. आजोबांचा पोटावर बसत नाही.”

दुसऱ्या दिवशी त्याच चौकात लाल फलक लागले आणि हेम्पेल कामगारांच्या राज्यातल्या युवक संघटनेचा निळा शर्ट घालून त्याच रांगेत उभा राहिला.

“एका रात्रीत सुधारलास की!”

“एका रात्रीत कुठे, जेवणाच्या सुट्टीत. वेळच कमी देतात हे लोक.”

आर्नोला नटांना शिकवायला बोलावलं होतं. शिडी कशी धरायची, ब्रश कसा निथळायचा, बादली कुठल्या हातात. फेलिक्स नावाचा एक मुलायम हातांचा नट तरुण रंगाऱ्याचं काम करत होता. पटकथेत हा रंगारी रडत रडत चित्रावर पांढरा रंग चढवतो आणि प्रत्येक चेहऱ्याची माफी मागतो.

“हेर लेश्के, त्या वेळी तुमच्या मनात काय चाललं होतं?” फेलिक्सने विचारलं. त्याच्या हातात वही होती.

“मंगळवारच्या आत वाळेल का.”

फेलिक्सने थोडं थांबून ते लिहून घेतलं. मग त्याने ब्रश उचलला आणि भिंतीवर असा आपटला की शिंतोडे छतापर्यंत गेले.

“असं नको,” आर्नो म्हणाला.

“तो चिडलाय, हेर लेश्के.”

“नाही. तो कामावर आहे.”

राउटेनबर्गला सांगायची वेळ तीनदा आली. एकदा तो जेवत होता, एकदा फोनवर होता. तिसऱ्यांदा तो मोकळा होता आणि आर्नोच्या अगदी शेजारी उभा होता. दोघांनी मिळून हेम्पेलला रस्ता ओलांडताना पाहिलं.

बुधवारी दुपारी घरी बटाटे, चक्का आणि जवसाचं तेल होतं. ट्राउडल बटाटे सोलत होती, गरम गरमच, काट्यावर टोचून.

“त्या भिंतीत काही नाहीये,” आर्नो म्हणाला.

“काही नाही म्हणजे?”

“मी आधी धुतली होती. चित्र सरसाचं होतं. सगळं गेलं.”

ट्राउडलने हातातला बटाटा पूर्ण सोलला, त्याच्या ताटात ठेवला आणि दुसरा घेतला.

“आणि हे तुला कधीपासून माहीत आहे?”

“धुतली तेव्हापासून.”

“म्हणजे साठ वर्षं मी...”

“चौसष्ट. आपलं लग्न व्हायच्या आधीचं आहे.”

“आकडे नको सांगूस मला! गाढवा, पंचवीस वर्षं लोकांचे नमस्कार घेत फिरलास. मी पण घेतले. पाववालीकडे मी मान वर करून जायचे.” तिने काटा खाली ठेवला. “ती मुलगी कधी येतेय?”

“उद्या. भिंत परवा सकाळी.”

“तिला इथे बोलाव. कॅमेऱ्यासमोर नाही सांगायचं हे. केक मी करते. बोलशील तू. मी एक शब्द बोलणार नाही.”

तिने खरंच दुसऱ्या दिवशी आलूबुखारचा केक केला आणि पाहुणीसमोर एकही शब्द बोलली नाही. या लग्नात हे पहिल्यांदाच घडत होतं.

*

गुड्रून टानर्ट गुरुवारी तीन वाजता आली. एकोणसत्तर वर्षांची, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, आखूड पांढरे केस, पाठीला लावायची लहान पिशवी. तिने बागेतल्या बटाट्यांची चौकशी केली. कॉफीत दूध घेतलं नाही. आपण होऊनच बोलायला लागली.

“आमचं ड्रेस्डेनचं घर पंचेचाळीसच्या फेब्रुवारीत, बॉम्बहल्ल्यात जळालं, त्यात लग्नाचे फोटो गेले. त्यानंतर फोटो काढायला कुणाकडे काय होतं? एकच होता, आईच्या ओळखपत्रावर. ती गेल्यावर ओळखपत्र कचेरीत जमा करावं लागतं. बाबांनी केलं. त्यावरचा फोटो काढून ठेवायचं त्यांना सुचलं नाही. ते चित्रकार होते ना, त्यांना वाटलं असेल, भिंतीवर आहेच.”

“फ्राउ टानर्ट,” आर्नो म्हणाला, “भिंतीवर नाहीये.”

त्याने सगळं सांगितलं. सरस, रविवार, कोमट पाणी, चौदा बादल्या, गटार. पाच-सहा मिनिटं लागली. मध्ये तो एकदाच अडला. वर्तमानपत्राचं कसं सांगावं हे त्याला कळेना, तेव्हा तो एवढंच म्हणाला, “मी खोटं बोललो नाही, पण त्यांना बोलू दिलं.”

गुड्रूनने केकचा तुकडा काट्याने कापला आणि तसाच ठेवला.

“बाबा म्हणायचे, ती भिंत गेली,” ती म्हणाली. “दोनदा-तीनदा म्हणाले असतील. मला वाटायचं, म्हणजे गाव गेलं, सीमेपलीकडे राहिलं. मग नव्वद साली एका मैत्रिणीने ती बातमी पाठवली. तेव्हापासून मी या भिंतीसाठी पत्रं लिहितेय. गिरणीला, नगरपालिकेला, जीर्णोद्धार खात्याला. पाडायला निघाले होते ते दोनदा. मी थांबवलं. ठाऊक आहे तुम्हाला?”

“ठाऊक आहे.”

“तेव्हा सांगता आलं असतं.”

“हो.”

“राउटेनबर्गला माहीत आहे?”

“नाही. आज जाऊन सांगतो.”

“सांगू नका.” तिचा आवाज चढला नव्हता. शाळेत वर्गाला उद्याची सूचना द्यावी तसा होता. “उद्या उघडू द्या भिंत.”

“काही निघणार नाही, फ्राउ टानर्ट.”

“असं तुम्ही म्हणता. पंचवीस वर्षं मी तुमच्या शब्दावर बसले होते. आता पुन्हा नुसत्या तुमच्या शब्दावर उठून जाऊ?”

ती गेल्यावर ट्राउडलने केकवर झाकण ठेवलं. “उघडावीच लागेल तिला,” ती म्हणाली. एवढंच.

*

शुक्रवारी दहा वाजता जेवणघरात बारा माणसं होती. गिरणी १९९२ पासून बंद. खुर्च्या नव्हत्या. भिंतीलगत लोखंडी रेडिएटर होते आणि भिंतीचा खालचा भाग हिरव्या तेलरंगाचा होता. दोन्ही मागाहूनचे, तेलरंग आर्नोच्याच हातचा. युडिथ फीबिख या जीर्णोद्धार करणाऱ्या तरुण बाईने भिंगाचा चष्मा डोळ्यांवर ओढला. तळहाताएवढी चौकट पेन्सिलने आखली आणि पातळ सुरीने एकेक थर उचलायला घेतला. राउटेनबर्गने सगळ्यांना गप्प केलं होतं. कॅमेरा चालू होता.

“वर प्लास्टिकचा रंग,” ती बोलत होती, “बहुतेक सत्तरच्या सुमाराचा. खाली आणखी एक. त्याच्याखाली पांढरा, सरसाचा. बातमीत होता तोच.” सुरी थांबली, फिरली, पुन्हा थांबली. तिने भिंग जवळ नेलं. मग ओला कापूस लावून पाहिला.

“काय?” राउटेनबर्गने विचारलं.

“गिलावा.”

“म्हणजे चित्र आणखी खाली?”

“गिलाव्याखाली विटा असतात, हेर राउटेनबर्ग.” तिने चौकट चारी बाजूंनी वाढवली. “इथे चित्र नव्हतं, नाहीतर कुणीतरी धुतलंय. आणि धुतलं असेल तर... असं काम मी क्वचित बघते. गिलाव्याच्या छिद्रांत रंगाचा कणसुद्धा नाही. एरवी घाईत धुतात, काहीतरी राहतं, त्यावर आम्ही जगतो. हा माणूस पक्का कारागीर होता.”

राउटेनबर्गने आर्नोकडे बघितलं.

“मीच धुतली,” आर्नो म्हणाला.

राउटेनबर्गने कॅमेरा बंद करायला सांगितलं नाही. तो भिंतीला टेकला, मग रंग सुटेल म्हणून बाजूला झाला. “आणि आम्ही पाच महिने...” तो म्हणाला.

“ही जागा चुकीची असेल,” गुड्रून म्हणाली. तिने कोट काढला नव्हता. “आई कुठे होती? तिथे उघडा.”

फीबिखने आर्नोकडे पाहिलं. आर्नो खिडकीजवळ गेला. त्याने खिशातून घडीचं माप काढून खिडकीच्या चौकटीपासून दोन मीटर दहा मोजले. मग जमिनीपासून वर एक मीटर साठ. तिथे त्याने अंगठा टेकवला. “इथे डोकं,” तो म्हणाला. खाली रेडिएटर होता, त्यामुळे त्याला वाकडं उभं राहावं लागलं.

फीबिखने तिथे दुसरी चौकट उघडली. अर्धा तास लागला. प्लास्टिक, प्लास्टिक, सरस, गिलावा.

गुड्रून पुढे झाली आणि त्या चौकोनाशी उभी राहिली. तिने पाठीची पिशवी रेडिएटरवर ठेवली. चौकोन तिच्या डोळ्यांच्या थोडा वर होता.

“हेर लेश्के,” ती भिंतीकडे बघतच म्हणाली. “तिला शेवटचं जवळून तुम्हीच पाहिलंय. हातभर अंतरावरून. कशी दिसत होती?”

आता आर्नो काहीही सांगू शकत होता. पडताळून बघणारं कुणी उरलं नव्हतं. मोठे डोळे म्हणता आलं असतं, किंवा तुमच्यासारखी हनुवटी, किंवा हसत होती. बारा माणसं आणि एक कॅमेरा ते ऐकायला उभे होते, आणि राउटेनबर्गने तर मान पुढे केली होती.

“माहीत नाही,” आर्नो म्हणाला. “मी चेहऱ्याकडे नाही बघितलं. मी ओघळ बघत होतो. खाली ओघळ राहिले तर वरच्या पांढऱ्यातून दिसतात.”

“काहीच नाही?”

तो विचार करत राहिला. घाई कुणालाच नव्हती.

“डोक्याला रुमाल होता. निळा. तो सगळ्यात उशिरा सुटला, दोनदा घासावा लागला.”

“कुठला निळा?”

हे त्याला सांगता येत होतं. “अल्ट्रामरीन. चमचाभर काजळीचा काळा, आणि खडू बराच. मळलेला दिसावा असा. मीच कालवून दिला होता.”

गुड्रूनने पिशवीतून पेन काढलं आणि परतीच्या तिकिटाच्या पाठीवर ते लिहून घेतलं. खडूपाशी अडली. “बराच म्हणजे किती?”

“एकाला सहा.”

तिने तेही लिहिलं.

“आणि रुमालाची गाठ? पुढे होती की मानेमागे?”

“आठवत नाही,” आर्नो म्हणाला.

ती आणखी थोडा वेळ पेन उघडं धरून थांबली, न जाणो आठवलं तर. कॅमेरावाल्याने राउटेनबर्गकडे बघून बंद करू का अशी खूण केली. राउटेनबर्गला ती दिसली नाही. फीबिख गुडघ्यांवर बसून फरशीवरचे रंगाचे तुकडे कागदी पाकिटात भरत होती आणि प्रत्येक पाकिटावर थराचा क्रमांक टाकत होती. मग गुड्रूनने पेनला टोपण लावलं.

“दोन अडतीसची गाडी आहे माझी,” ती म्हणाली. “स्टेशन चालत किती लांब पडतं?”

“वीस मिनिटं,” आर्नो म्हणाला.